ताईच्या पोटाचा फोटो

आमच्या यंत्रानं पहिल्यांदा माणसाच्या पोटातलं काही दाखवलं, तेव्हा टेबलावर मी झोपले होते. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात. नागपूरला विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या इमारतीच्या मागच्या अंगाला आमची खोली होती आणि आम्ही तिथं चौघं होतो. सर, सरांकडे आधीपासून संशोधन करणारा एक सीनियर, जोडकाम करणारे वयस्कर तंत्रज्ञ काका, आणि मी. काम सांगायला सोपं होतं. कानाला ऐकू न येणारा आवाज शरीरात सोडायचा, आतून परत येणारे पडसाद पकडायचे आणि त्यांचं चित्र पडद्यावर उमटवायचं. आता गल्लोगल्ली सोनोग्राफी होते. तेव्हा आमच्या भागातल्या कित्येक डॉक्टरांनीही ती पाहिली नव्हती. बाहेरचं यंत्र आणणं आमच्या विभागाच्या आवाक्यात नव्हतं, म्हणून सरांनी ते इथंच, आमच्या खोलीत बनवायला घेतलं होतं.

दोन वर्षं आम्ही पाण्याच्या टाकीत नायलॉनचे दोरे ताणून त्यांची चित्रं काढली. मग खाटकाकडची कलेजी आणून ती टाकीत सोडली. काकांना त्या वासानं जेवण जायचं नाही. शेवटी सर एकदा म्हणाले, "आता माणूस लागेल." सीनियर इतका हाडकुळा होता की आवाज सोडणारा तुकडा, म्हणजे प्रोब, त्याच्या बरगड्यांवर टेकत नव्हता. काकांनी साफ नकार दिला. उरले मी. सरांना संकोच वाटला, म्हणून त्यांनी ग्रंथालयातल्या बाईंना बोलावून माझ्या उशाशी बसवलं. पोटावर खोबरेल तेल लावलं. यंत्राचा लोखंडी हात माझ्या कुशीवरून हळूहळू सरकत गेला आणि पडद्यावर रेघेला रेघ लागत गेली.

"किडनी! सर, ही किडनीच आहे!" सीनियर ओरडला.

मला मात्र झोपल्या जागेवरून पडदा दिसत नव्हता. मी मान वळवली तशी सर म्हणाले, "हलू नका." फोटो काढून होईपर्यंत मी श्वास धरून राहिले आणि उठून बसेपर्यंत चित्र पुसलं गेलं होतं. फिल्म दुसऱ्या दिवशी धुऊन आली. तोवर मी खोलीत येरझारा घालून सगळ्यांचा जीव खाल्ला. आपलीच किडनी, आणि ती आपल्याआधी तिघांनी पाहिलेली, हे मला सहन होईना.

माझा स्वभावच तसा. एका जागी बूड टिकत नाही, असं माय म्हणायची. आमचं घर पांढुर्ण्याला. बाबा नगरपालिकेत कारकून होते. दर शनिवारी मी पॅसेंजरनं घरी जायचे आणि रविवारी दुपारपासूनच परत निघायची घाई करायचे. नागपूरला असले की घरची आठवण, घरी आले की टाकीतल्या दोऱ्यांची.

तो फोटो घेऊन मी घरी गेले. मायनं तो उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"हे तुह्या पोटातलं व्हय?"

"हो."

"मंग आपल्या ताईचं पोट काऊन नाई पाहून राहिली तू?"

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिला लोधीखेड्याला दिली होती. लहानपणापासून तिचे हातपाय दुखायचे, हिवाळ्यात तर ती रडून रडून गप्प व्हायची. डोळे कायम पिवळसर. एक डॉक्टर वात म्हणाला, दुसरा कावीळ, तिसरा नुसताच अशक्तपणा. लग्नानंतर दोन वर्षांनी उजव्या बरगडीखाली कळ यायला लागली होती, जेवण झालं की हमखास. सासरी संत्र्याचा बगीचा होता, कामं भरपूर. नेमकी जेवणानंतर सून आडवी होते, म्हणून सासू त्याला नाटक म्हणायची. भाऊजी शाळामास्तर, माणूस चांगला, पण आईपुढे तोंड उघडत नसत.

मी मायला म्हटलं, "आमचं यंत्र अजून तसं नाही. ते दवाखान्याचं नाही."

"पोटातलं दिसते नं पण?" माय म्हणाली.

त्याच वर्षी सौंसरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई सरांना भेटल्या. त्यांच्याकडे येणाऱ्या कितीतरी रुग्णांचं रक्त वेगळं होतं. काचेवर थेंब घेऊन, औषध टाकून झाकून ठेवला की गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या व्हायच्या. सिकलसेल नावाचा हा आजार आईबापांकडून येतो, आणि त्यात पानथरी, म्हणजे पोटातली प्लीहा, आधी वाढते आणि मग अनेकांची आक्रसून जाते, असं त्या म्हणाल्या. हातानं चाचपून त्यांना अंदाज यायचा, पण माप हवं होतं. सरांचे डोळे चमकले. आमच्या यंत्राला काम मिळालं होतं.

पोळा झाल्यावर जायचं ठरलं. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा-सावरगावची गोटमार असते, दोन गावं एकमेकांवर दगड फेकतात. तिथं डोकी फुटतात, म्हणून टाके घालायला डॉक्टरीणबाईंना दोन दिवस तिकडे बोलावून घेतलं, आणि आमचं निघणं लांबलं. ते दोन दिवस मी बांधलेलं सामान सोडून पुन्हा बांधत काढले. शेवटी यंत्राचा हात गादीत गुंडाळून आम्ही जीपनं सौंसर गाठलं.

पहिल्या दिवशी काहीच नीट दिसेना. चित्र थरथरायचं, मध्येच पांढरं व्हायचं. काका दुपारपर्यंत तारा तपासत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं की बाजूची पिठाची गिरणी सुरू झाली की चित्र बिघडतं. मी गिरणीवाल्याकडे गेले.

"तुमच्या गिरणीमुळं आम्हाला लोकांच्या पोटातलं दिसून नाही राहिलं," मी म्हटलं.

"दहा ते दोन बंद ठेवतो," तो म्हणाला, "पन माह्या बायकोचं पोट आधी पाहा लागन."

त्याच्या बायकोचं पोट पाहिलं. तिचं रक्तही तपासलं. तेही वाकडं निघालं. असं रक्त निघालेल्यांची डॉक्टरीणबाई यादी करत होत्या; विहारात वंदनेला येणारे आमच्या समाजाचे लोक त्या यादीत होते, बाजारपेठेतल्या घरांतले होते, शेतकरी होते, शेतमजूर होते. मी स्वतःचा थेंबही दिला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुझं अर्धं आहे, आईबापांपैकी एकाकडूनच आलेलं. तुला त्रास नाही. पण लग्नाआधी समोरच्याचं रक्त पाहून घे." मी मान हलवली आणि घरी कोणाला सांगायचं नाही असं ठरवून टाकलं.

चौथ्या दिवशी ताई आली. मीच निरोप पाठवला होता. छोट्या लाईनच्या गाडीनं भाऊजींबरोबर आली, नवीन लुगडं नेसून, लग्नाला जावं तशी. तिचं रक्तही वाकडं निघालं; ते पाहून डॉक्टरीणबाईंनी फक्त "हं" केलं आणि त्या छिंदवाड्याच्या बैठकीला निघून गेल्या. दोन दिवसांनी येणार होत्या.

ताईला टेबलावर झोपवलं. पानथरी शोधायलाच वेळ लागला, इतकी बारीक झालेली. माप घेतलं. मग सीनियरनं सवयीप्रमाणे उजव्या बाजूनं एक फेरी मारली, यकृताचा उजळपणा जुळवून पाहायला. आणि पडद्यावर एक पांढरी कोर उमटली. तिच्या मागं सरळ खाली काळा पट्टा. टाकीत आम्ही एकदा गोटा टाकून पाहिला होता, तेव्हा असंच दिसलं होतं. आवाज दगडातून पलीकडे जात नाही, मागं सावली पडते.

"खडा," माझ्या तोंडून निघालं.

सरांनी हात वर केला. मला बाहेर व्हरांड्यात नेलं.

"तुम्ही आत काय बोललात?"

"सर, पित्ताचा खडा आहे. सावली दिसली."

"मागच्या महिन्यात याच यंत्रात सीनियरच्या पोटात आपल्याला गाठ दिसली होती. आठवतं? तो गॅस होता. तीन दिवस बिचारा झोपला नाही." सर आवाज न चढवता बोलत होते. "आपल्याला परवानगी प्लीहा मोजायची आहे, निदानाची नाही. फिल्म धुऊन येऊ द्या, डॉक्टर परत येऊ द्या. त्या ठरवतील. तोवर पेशंटला काही सांगायचं नाही."

"ती माझी बहीण आहे."

"म्हणून तर म्हणतोय."

मी आत गेले. ताई पदरानं पोटावरचं तेल पुसत होती. "काय दिसलं वं?" तिनं विचारलं.

"सगळं ठीक आहे," मी म्हटलं. तिचा चेहरा उतरला. ठीक आहे हे ऐकून माणसाचा चेहरा उतरतो हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. भाऊजी म्हणाले, "चाल, गाडी निघून जाईन," आणि ती दोघं गेली.

पाचव्या दिवशी माझं कशात लक्ष लागेना. मापं लिहिताना मी दोनदा एकीचं माप दुसरीच्या नावापुढं लिहिलं. प्रत्येक पांढऱ्या ठिपक्यात मला खडा दिसायला लागला. सर बरोबर आहेत असं वाटायचं, आणि पुढच्याच मिनिटाला ताईचा चेहरा समोर यायचा. सहाव्या दिवशी सकाळी, बाकीचे चहा घेत होते तेव्हा, मी कोणाला न विचारता बसस्टँडवर गेले आणि लोधीखेड्याच्या बसमध्ये बसले.

ताई अंगणात धुणं वाळत घालत होती. सासू ओसरीवर डाळ निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. पित्ताशयात खडा दिसला, नक्की नाही, पण दिसला, आणि कळ येते ती बहुधा त्यामुळं.

ताईनं हातातला पिळा तसाच धरून ठेवला. "म्हंजे आहे नं काहीतरी?" ती म्हणाली. मग पुन्हा, आतल्या दाराकडे तोंड करून, मोठ्यानं, "आहे नं काहीतरी!" आणि ती हसायला लागली. हसता हसता रडली. आजार असल्याचा आनंद झालेला मी दुसरा माणूस पाहिलेला नाही.

सासूंनी सूप खाली ठेवलं. "थे यंत्र कोनं बनोलं म्हने?"

"आम्हीच."

"तुमीच बनोलं, अन् तुमीच पाह्यलं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा डाळ निवडायला लागल्या.

परत सौंसरला पोचले तेव्हा सामान आवरलं जात होतं. सरांनी मला एकच प्रश्न विचारला, "सांगून आलात?" मी हो म्हटलं. त्यानंतर आठ दिवस ते माझ्याशी कामापलीकडे बोलले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी फोटो पाहून नागपूरच्या एका मोठ्या सर्जनना चिठ्ठी दिली. भाऊजी ताईला घेऊन गेले. सर्जननी एक्स-रे काढला. एक्स-रेत काहीही नव्हतं. आमचा फोटो त्यांनी टेबलावर बाजूला सारला आणि आम्लपित्ताच्या गोळ्या देऊन ताईला परत पाठवलं.

पुढचा महिना मला आठवतो तो नुसता चालताना. वसतिगृहापासून विभागापर्यंत, विभागात टाकीपासून खिडकीपर्यंत. लोधीखेड्याहून भाऊजींचं कार्ड आलं होतं. त्यात कुठंही राग नव्हता, पण शेवटी लिहिलं होतं, "घरात आता हिचं बोलणं कोणी मनावर घेत नाही." आधी नाटक म्हणायचे. आता त्या नाटकात माझं यंत्रही सामील धरलं गेलं होतं.

मी चुकले होते का? झोपता येईना, तसं बसताही येईना. शेवटी मी टाकीकडे वळले. कलेजीत छोटे गोटे ठेवून चित्रं काढली. मग रबरी फुग्यात हवा भरून तो कलेजीत दाबून ठेवला आणि त्याची चित्रं काढली. दोन्हींच्या मागं सावली पडत होती, म्हणूनच आमची सीनियरच्या वेळी फसगत झाली होती. पण फोटो शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं की हवेमागची सावली मळकट असते, तिच्यात पुसट रेघा पुन्हा पुन्हा उमटतात. दगडामागची स्वच्छ काळी. गोटे बदलले, खोली बदलली, काकांना कलेजी आणायला लावून लावून जेरीस आणलं. फरक राहिला. मग मी ताईचा फोटो काढून मधोमध ठेवला. त्यातली सावली स्वच्छ होती.

ते सगळे फोटो घेऊन मी सरांच्या टेबलाशी गेले. त्यांनी भिंग घेतलं. एकेक फोटो पाहिला. मी या पायावरून त्या पायावर होत राहिले.

"हे आधी करायला हवं होतं," सर म्हणाले. मला वाटलं मलाच म्हणाले. मग ते उठले आणि खुंटीवरचा कोट घेत म्हणाले, "मी करायला हवं होतं. चला."

सर स्वतः सर्जनकडे आले. फोटो मांडून, शिष्याला शिकवावं तसं, त्या मोठ्या डॉक्टरला त्यांनी दोन सावल्यांमधला फरक समजावला. काही खडे एक्स-रेत उमटत नाहीत हे सर्जनना अर्थातच ठाऊक होतं. ते पहिल्यांदाच आमच्या फोटोकडे नीट पाहत होते. "आता त्रास वाढला तर लगेच आणा," एवढं त्यांनी कबूल केलं.

थंडी सुरू झाली आणि ताईला ताप चढला, डोळे हळदीसारखे झाले. या वेळी सासूच म्हणाल्या म्हणे, "घेऊन जा तिले." ताईचं रक्त तसं असल्यामुळं भूल देणंही जोखमीचं होतं. आधी रक्त चढवलं, तिला ऊबदार ठेवलं, मग शस्त्रक्रिया ठरली. बाहेरच्या बाकावर माय, भाऊजी आणि सर बसले होते. मी जिन्यापर्यंत जायची आणि परत यायची. सर सकाळपासून आले होते, कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही. मायनं त्यांना डब्यातली भाकर दिली, ती त्यांनी निमूटपणे खाल्ली.

सर्जन बाहेर आले ते स्टीलची वाटी घेऊन. वाटीत काळे कुळकुळीत खडे होते, मिऱ्यांएवढे, आणि एक त्याहून मोठा. त्यांनी ती वाटी सरांपुढं धरली. "बरी आहे ती," ते आधी म्हणाले, मायकडे बघून. मग सरांना म्हणाले, "आता माझे पुढचे पेशंट तुमच्याकडे पाठवले तर चालतील का?"

सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "यांना विचारा."

मला त्या क्षणी आनंद व्हायला हवा होता. मी जिन्यात जाऊन बसले आणि त्या दिवसात पहिल्यांदाच एका जागी बसून राहिले.

त्याच कामावर आमच्या गटाचा पहिला मोठा निबंध छापून आला. विभागात पेढे वाटले. ग्रंथालयात अंक आला तशी मी तो घेऊन लोधीखेड्याला गेले. ताईला तिसरी आकृती दाखवली.

"हे माह्या पोटातलं?"

"हो."

"खाली काय लिवलं?"

"एकतीस वर्षांची स्त्री, पित्ताशयात खडे."

"एकतीस काऊन? मले तिसावं लागलं होतं तवा." तिनं अंक जवळ घेतला. "अन् नाव?"

"नाव देत नसतात, ताई. पेशंटचं गुपित राहावं म्हणून."

"मंग माहंच आहे म्हून कसं समजन कोनाले?"

भाऊजींनी आतून शाई आणि टाक आणला आणि वळणदार मास्तरी अक्षरात आकृतीखाली ताईचं नाव लिहिलं, आणि तिचं खरं वय. तो अंक मी ग्रंथालयात परत केला नाही. तो त्यांच्याकडेच राहिला. सासू आल्यागेल्याला तो दाखवायच्या, असं मी पुढं ऐकलं, पण माझ्यासमोर त्यांनी कधी त्याचा विषय काढला नाही.

पुढं विभागात बाहेरचं मोठं यंत्र आलं. त्यात चित्र हलतं दिसायचं, फिल्म धुऊन यायची वाट पाहायला नको. आमचं यंत्र भिंतीशी सरकवलं गेलं. सीनियर परदेशी गेला. माझा प्रबंध पूर्ण झाला, त्यात सावल्यांवर एक प्रकरण आहे. सौंसरची यादी डॉक्टरीणबाईंनी कुलपात ठेवली होती, कारण अशा यादीतल्या मुलींची लग्नं मोडतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मला पाहायला आलेल्या पहिल्या मुलाला मी माझ्या रक्ताचं सांगितलं, तेव्हा त्याच्या घरून उलट निरोप आलाच नाही. माय आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही. दुसऱ्यानं विचारलं, "तपासतात कुठं?" आणि तो आपणहून सौंसरला जाऊन आला. त्याच्याशीच मी लग्न केलं.

ताईचे खडे गेले, तिची हाडं मात्र तशीच राहिली. जेवणानंतरची कळ थांबली म्हणून ती सुखात होती, पण थंडी पडली की हातपाय धरून बसायची, आणि त्यावर आमच्या कोणत्याच यंत्राकडे काही नव्हतं. एका डिसेंबरात मी तिच्याकडे गेले होते. तिनं दोन्ही हात गरम पाण्याच्या घमेल्यात बुडवून ठेवले होते.

"तुम्ही आता हाडातलं पाहून राहिले काय?" तिनं विचारलं.

"नाही गं. आवाज हाडातून जात नाही."

तिनं मान डोलावली. पाणी निवत आलं होतं. मी उठून चुलीवरचं आधण आणलं आणि तिच्या हातांना चटका बसणार नाही असं कडेकडेनं ओतत राहिले.